लोणच्याच्या पिंपावरचं वजन

शिगेओ कुवाबारा यांनी पस्तीस वर्षं जपानमधल्या त्सुबामे गावात घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे झाकण दिसलं की उचलून आत डोकवायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. निवृत्तीनंतर, चौसष्टाव्या वर्षी, सासऱ्यांची तांब्याच्या किटल्या घडवायची परसातली खोली त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. दीडशे हातोड्या आणि भांडं चढवून ठोकायचे साठ लोखंडी खुंटे! (कोणता कशासाठी, हे सांगायला मात्र सासरे उरले नव्हते.)

बायकोची, म्हणजे सेत्सुकोची, एकच अट होती.

“अहो, सगळ्याला हात लावा, पण त्या लांब मानेच्या खुंट्याला नाही. तो बाबांनी त्यांच्या जुन्या शिष्याला, नागुमोसानना द्यायला सांगितलाय. बाबांचा शेवटचा शब्द आहे. रविवारी श्राद्धाला येतील तेव्हा नेतील.”

“पण तोच का? असं काय आहे त्यात?”

“मला काय माहीत! तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं ‘का’ लागतं. लोणच्याच्या पिंपावरच्या वजनात काय आहे, म्हणून आईला तीस वर्षं छळलंत.”

हे खरं होतं. लोणचं दाबून ठेवायचं ते वजन जाड कापडात शिवलेलं होतं, वर धरायला दांडा होता आणि सासूबाई दर वेळी म्हणायच्या, “जावईबापू, मुकाट्यानं मुळ्याचं लोणचं खा.”

रविवारी सकाळी सेत्सुको फुलं आणायला गेली. कुवाबारांची पहिली किटली महिनाभराच्या ठोकाठोकीनंतर तयार होत आली होती, फक्त तोंड आवळायचं राहिलं होतं. खुंटा तर आज जाणारच होता. एकदाच वापरून बघितला तर झिजणार थोडाच?

खुंटा अप्रतिम होता! गोल मुंडीवर किटली चढवली आणि प्रत्येक ठोक्याला तोंड शहाण्या मुलासारखं आवळत गेलं. कुवाबारा ठोकत राहिले. सेत्सुको परतली तेव्हा ते किटलीकडे बघत घामाघूम उभे होते.

“काय केलंत?”

“किटली झाली.”

“मग काढा की खुंट्यावरून.”

“तेवढंच राहिलंय.”

मुंडी आत, तोंड तिच्याहून अरुंद. साबण लावला, तेल लावलं, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं आणि दोघंही एकदमच जमिनीवर बसले. तेवढ्यात दारात नागुमोसानची हाक आली. मेलेल्या माणसाची एकुलती एक इच्छा आपण तांब्यात कोंडली, या विचारानं कुवाबारांना रडूच फुटायचं बाकी होतं. त्यांनी करवत उचलली.

“नागुमोसान, माफ करा. किटली मीच कापतो आणि तुमचा खुंटा काढून देतो.”

सत्तरीच्या नागुमोंनी किटली फिरवून बघितली, साबणाचा वास घेतला.

“तोंड आवळायला वाकडा खुंटा घ्यायचा, जावईबापू. तो वाकडा आत जातो, तसा वाकडा बाहेर येतो.” मग एकदम त्यांचे डोळे चमकले. “करवत ठेवा. सेत्सुकोताई, ते लोणच्यावरचं वजन आहे का अजून?”

वजन आलं. नागुमोंनी कात्रीनं कापड उसवलं. आत हिरवी पडलेली किटली होती आणि तिच्यात अडकलेला तसाच लांब मानेचा खुंटा!

“उस्तादांची पहिली किटली. त्यांच्या वडिलांनी ती कापू दिली नाही. जेवताना रोज आठवण राहू दे म्हणाले आणि पिंपावर ठेवली. तुम्ही वापरलात तो खुंटा याच्या बदली नंतर केलेला.” त्यांनी ती जोडी कपाळाला लावली. “मी हेच नेतो. उस्तादांच्या हातचं यापेक्षा खरं काय मिळणार?”

सेत्सुकोनं डोळे पुसले आणि कुवाबारांची किटली खुंट्यासकट पिंपावर ठेवून दिली. कुवाबारांची छाती मात्र फुगली होती. पाहुण्यांना पोचवायला ते फाटकापर्यंत गेले.

“म्हणजे नागुमोसान, उस्तादांचीही पहिली किटली अगदी माझ्यासारखीच!”

“अगदी तशीच,” नागुमो वाकून नमस्कार करत म्हणाले. “उस्ताद तेव्हा अकरा वर्षांचे होते.”