लुकलुकत्या पॉइंटरच्या चौकशीचा अहवाल

१. सर्वसाधारण

कारभाराचं सगळं शास्त्र शेवटी बोट दाखवण्यावर उभं असतं. ज्याचं बोट स्थिर, त्याचा कारभार स्थिर. म्हणूनच शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घरच्या कॉम्प्युटरवरचा पॉइंटर लुकलुकू लागला, तेव्हा शेरेसाहेबांनी त्याकडे कानाडोळा केला नाही. (तपासणी खात्यातल्या एकतीस वर्षांत त्यांनी शेरा मारल्याशिवाय एकही कागद पुढे जाऊ दिला नव्हता, नाव तिथलंच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घरात शेरा मारण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. दुधाच्या पिशवीवर माणूस किती लिहिणार?)

२. मूळ काम

मूळ काम किरकोळ होतं. साहेबांची बायको शिक्षिका. अकरा वर्षं ती दोन बस बदलून अडीच तासांवरच्या शाळेत जात होती, आणि तशीच परत येत होती. आता घरामागच्याच शाळेत एक जागा रिकामी झाली होती. बदलीचा अर्ज बाईंनी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. फक्त मुख्याध्यापकांचं पत्र दुपारी यायचं होतं. ते आलं की जोडायचं आणि ‘सादर करा’ हे बटण दाबायचं. मुदत पाच वाजेपर्यंत. चुकली तर पुढची संधी तीन वर्षांनी.

पत्र दोनला आलं. साहेबांनी जोडलं, दोनदा वाचलं, पॉइंटर बटणापाशी नेला. पॉइंटर लुकलुकला.

३. पेच

लुकलुकत्या पॉइंटरने बटण दाबता येत नाही असं नाही. येतं. पण दाबल्याच्या नेमक्या क्षणी पॉइंटर जागेवर होता की नव्हता? नसेल, तर बटण दाबलं कोणी? उद्या कोणी विचारलं तर? (एकतीस वर्षांत कोणीही काहीही विचारलं नव्हतं. पण विचारतील या धास्तीवरच खातं चालत होतं, आणि उत्तम चालत होतं.)

साहेबांनी हात मागे घेतला. कपाटातून कोरी फाईल काढली, तिला दोरी ओवली, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

४. फोन (२.४०)

“अहो, दाबलंत का?”

(शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. मागे पोरांचा कालवा.)

“पत्र जोडलंय. पण पॉइंटर लुकलुकतोय.”

“म्हणजे चालत नाही?”

“चालतो. लुकलुकतो.”

“मग लुकलुकू दे की मेल्याला! दाबा आणि मोकळे व्हा.”

“बघतो,” साहेब म्हणाले. (तपासणी खात्यात या शब्दाचा अर्थ शिपायालाही ठाऊक होता. बाई पडल्या शिक्षण खात्यातल्या. त्या निश्चिंत मनाने वर्गावर गेल्या.)

५. आकडेवारी

पंधरा मिनिटांत पॉइंटर २१२ वेळा लुकलुकला. पैकी पडद्याच्या उजव्या भागात १४०, डाव्या भागात ७१, आणि एकदा साहेबांना शिंक आल्यामुळे ठिकाण अनिश्चित. खातरजमेसाठी साहेबांच्या आईलाही मोजायला बसवलं होतं. त्यांची संख्या ३ भरली. (वय ब्याऐंशी. डुलक्या वजा केलेल्या नाहीत.) सरासरी १०७.५. ही संख्या दोघांपैकी कोणीच पाहिलेली नसल्यामुळे निःपक्षपाती मानून ग्राह्य धरली.

६. साक्षी

साक्षीदार क्र. १, आई : “अरे, डोळे तुझेच लुकलुकत असतील. लहानपणी ताप आला की असाच करायचास.” (शेरा : वैद्यकीय बाजू विचाराधीन.)

साक्षीदार क्र. २, खालच्या दुकानातला दुरुस्तीवाला. साहेबांनी बोलावलं म्हणून आला, माऊस उचलला, त्याच्या पोटावर फुंकर मारली.

“काका, चालतोय की. कुठलं बटण दाबायचंय? द्या, मी दाबतो.”

“हात नको लावू! आधी कारण सांग.”

“कारण काय, शंभर असतात. बटण आत्ता दाबा, कारण सोमवारी शोधू.”

“सोमवारी लुकलुकला नाही तर?”

“मग बरंच झालं ना!”

साहेबांनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. (शेरा : साक्षीदार मुद्देमालावर फुंकर मारताना आढळला. साक्ष बाद.)

७. फोन (४.२०)

“झालं ना हो?”

“अंतिम टप्प्यात आहे.”

“कसला टप्पा? अहो, एक बटण आहे!”

“तू घाई करू नकोस. घाईत केलेल्या कामाचं काय होतं ते मी आयुष्यभर बघितलंय.”

“मला आता शेवटचा तास आहे, मग सगळ्यांच्या वह्या. बसमध्ये बसले की फोन करते. तोवर दाबून ठेवा. माझ्या गुडघ्यांची शपथ आहे तुम्हाला.”

(गुडघ्यांचा उल्लेख फाईलमध्ये घेतलेला नाही. विषयाशी संबंध नाही.)

८. संभाव्य कारणे व त्यांची छाननी

(अ) धूळ. माऊस ओल्या फडक्याने पुसला. मग फडकं ओलं का, म्हणून माऊस वाळवला. (४.३४)

(आ) टेबलाची काच. काचेखालची जुनी परिपत्रकं एकेक करून काढली. त्यातलं एक, पंखे वेळेवर बंद करण्याबाबतचं, साहेबांनी स्वतः लिहिलेलं निघालं. वाचलं. भाषा अजूनही कशी ठाशीव होती! (४.४८)

(इ) उजवा हात. डाव्या हाताने करून पाहिलं. पॉइंटर लुकलुकलाच, शिवाय भलतीकडे गेला. उजवा हात सन्मानपूर्वक दोषमुक्त. (४.५३)

(ई) पंख्याचा वारा. पंखा बंद केला. आई म्हणाल्या, “उकडतंय रे.” पंखा सुरू केला. दोन्ही नोंदी स्वतंत्र घेतल्या. (५.०२)

(उ) पडद्यावरची माशी. पॉइंटर तिच्या पाठोपाठ जातो की ती पॉइंटरच्या, हे ठरवायला सहा मिनिटं लागली. तीच मागे जात होती. माशी उडाली, लुकलुक कायम. (५.१०)

(ऊ) चष्मा. आईंचा चष्मा लावून पाहिलं. पॉइंटर दिसेनासा झाला, त्यामुळे लुकलुकही थांबली. उपाय खात्रीचा, पण तात्पुरता. (५.१७)

९. निष्कर्ष

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी दोषी सापडला. आठवड्यापूर्वी साहेबांनीच एक प्रोग्रॅम बसवला होता. तो दर चार सेकंदांनी सगळं काम थांबवून कॉम्प्युटरला विचारायचा, “सगळं ठीक आहे ना?” प्रत्येक चौकशीला पॉइंटर दचकत होता. तो बंद करताच पॉइंटर खांबासारखा स्थिर झाला. अशी निर्दोष चौकशी खात्याच्या इतिहासातही क्वचितच झाली असेल. साहेबांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि निश्चल पॉइंटरने ‘सादर करा’ दाबलं.

पडद्यावर चार शब्द आले : अर्ज स्वीकारणे बंद आहे.

तेवढ्यात फोन वाजला. बस सुटल्याचा आवाज, कंडक्टरची हाक, आणि बाई.

“दाबलंत ना?”

“दाबलं,” साहेब म्हणाले. (विधान तंतोतंत खरं आहे.)

“देव पावला! मी इथे सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं. मुलं रडायला लागली हो.”

१०. जबाबदारी निश्चित करणे

या प्रकरणी शेरेसाहेबांना नावं ठेवायला आता जो तो मोकळा आहे. फक्त नियमाप्रमाणे आणखी एका साक्षीदाराची उलटतपासणी बाकी आहे. मुदत पाचची, हे या साक्षीदाराला कलम दोनमध्ये स्पष्ट सांगितलं होतं. पुढे प्रत्येक कारणाशेजारी वेळही लिहून दिली होती. तरीही पाच वाजले तेव्हा तो पंखा चालू होता की बंद, हे बघत बसला होता, आणि मग माशीच्या मागे गेला. आणखी तीन वर्षं अडीच तास जाणाऱ्या बाईंची त्याला एकदाही आठवण झाली नाही.

साक्षीदाराने हा अहवाल आत्ताही हातातच धरलेला आहे. बाईंची बस अर्ध्या वाटेवर आहे. त्याने खाली सही करावी.