मयेकरदादा घर बघायला येतात

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक भाडेकरूची उलटतपासणी करतो, ही जगाची रीत. आमचे मयेकरदादा बरोबर असले की तपासणी मालकाची होते. चपला काढायच्या आधीच ते विचारतात, "आधीचा भाडेकरू गेला, की घालवलात?" मग, "पहाटे भांडी आपटता काय? पाण्याची मोटर कोणाच्या मर्जीवर चालते?" पाणी घेऊन आलेली मालकीण पेला हातात धरून तशीच उभी राहते.

दादा माझ्या कचेरीतले ज्येष्ठ सहकारी. निवृत्तीला टेकलेले, आवाज मात्र असा की शेजारच्या खात्यातल्या फायली दचकाव्यात. स्वतः वडिलार्जित घरात राहतात, आयुष्यात कधी भाडं भरलेलं नाही. तरी भाडेकरूवरच्या अन्यायाची बातमी कानावर आली की त्यांच्या अंगाची लाहीलाही होते. "हा काय न्याय झाला?" हे त्यांचं पालुपद. साहेबांनी रजा नाकारली तरी तेच, चहात साखर कमी पडली तरी तेच.

माझ्यावर वेळ आली तेव्हा अर्थातच ते पुढे सरसावले. झालं असं, की आमच्या मालकांना घराचा होमस्टे करायचा होता. "तुमच्याबद्दल तक्रार नाय हो," मालक म्हणाले, "पण पर्यटक बरे. येतात, सुरमई खातात, फोटो काढतात, जातात." आम्ही जात नव्हतो, हा आमचा गुन्हा! शाळा सुरू व्हायच्या आत घर सोडायचं होतं. बायको, मुलगी आणि गुडघे गेलेली आई. म्हणजे तळमजला हवा आणि माझ्या पगारात बसायला हवा. रत्नागिरीत या दोन गोष्टी एका छपराखाली सापडत नाहीत. भिंतीला ओल, नळाला पाणी नाही, आणि भाडं ऐकावं तर खिडकीतून ताजमहाल दिसत असावा असं वाटतं.

पहिलं घर मांडवीचं. सगळं जमलं आणि मालक हळूच म्हणाले, "फक्त मासे चालणार नाहीत."

दादा उठून खिडकीशी गेले. समोर समुद्र. "दर्याच्या तोंडावर घर बांधलंत, आणि मासे नको? वारा कसा चालतो मग? त्यालाही म्हावऱ्याचा वास असतो!"

घर गेलं.

दुसऱ्या ठिकाणी मालकांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. "म्हणजे तुम्ही नक्की कोण? कळत नाही म्हणून विचारलं हो."

"भाडं त्याचा पगार देणार आहे, त्याची जात नाय," दादा कडाडले. "हा काय न्याय झाला?"

तेही घर गेलं. दादांचं चुकलं नव्हतं, पण मी रडकुंडीला आलो होतो. स्वाभिमान राखायचा, पण तो राखून झोपायचं कुठे? तिसऱ्या घराला निघताना मी त्यांना हात जोडले. "दादा, आज एक शब्द बोलायचा नाही. घर मिळू द्या मला."

"बरं," म्हणाले, आणि खरंच गप्प बसले. आईलाही नेलं होतं. जागा तिला आवडली, परसातली जास्वंद तर फारच आवडली. मालकीणबाईंनी तिच्या काठीकडे पाहिलं. मग तिच्यादेखत मला म्हणाल्या, "म्हातारं माणूस नको हो. घरात काही बरंवाईट झालं, तर पुढे जागा कोण घेतो?"

दादा गप्प. या वेळी ओरडलो मी. काय काय बोललो आठवत नाही, पण एक शब्दही परत घ्यायची माझी तयारी नाही. रिक्षात आई म्हणाली, "मला गावी हेदवीला ठेव नि तुम्ही राहा इथे." गावात तिच्याजवळ राहायला कोणी नव्हतं. दादा रस्त्याकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला आपल्या घरी घेऊन गेले. घराचे दोन भाग. एकात दादा आणि वहिनी, दुसरा बंद. दादांनी तो उघडला. आत जमीन लख्ख, भिंतींना चुना, माजघरात पलंगावर धुतलेली चादर. दादांनी आईला हात धरून आत नेलं.

"हा भाऊजींचा भाग," वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "मुंबईला असतात. आधी गणपतीला यायचे, आता तेवढेही येत नाहीत. हे दरवर्षी चुना काढतात, चादर धुतात नि वाट बघतात. किती जणांनी मागितली जागा! दिली नाय. काल रात्री जेवले नाहीत, नि आज उठल्याउठल्या भावाला फोन लावला. ते म्हणाले, दे खुशाल, मला कशाला विचारतोस?"

दादांनी भाडं सांगितलं, ते मला परवडणारं होतं. मग घसा खाकरून, कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाले, "एक अट आहे रे. गणपतीत तेवढं माजघर मोकळं लागेल. तो आला तर त्याला परकं वाटायला नको."

भांडायला शिकलेला मी, मुकाट्यानं हो म्हणालो.

चतुर्थीला आम्ही माजघर रिकामं केलं आणि सामानासकट पडवीत बसलो. दादा सकाळच्या गाडीला स्टेशनवर गेले होते. छत्री मिटत एकटेच परत आले. माजघरातल्या धुतलेल्या चादरीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि एकदम माझ्यावर खेकसले, "मेल्या, पाहुण्यासारखे पडवीत काय बसलात? आईला पलंगावर बसव आधी!" मग आईकडे न बघताच म्हणाले, "आई, जरा मोदक वळायला घ्या. घरात माणसं कमी आहेत."