मदने सिस्टरांची गार कॉफी

मदने सिस्टरांच्या स्वयंपाकघरात सलाइनचा स्टँड आहे. त्याला मलमलीची भलीमोठी पिशवी टांगलेली असते आणि तिच्यातून काळंभोर काहीतरी थेंबथेंब खालच्या पातेल्यात पडत असतं. गॅसचा सिलिंडर घेऊन पहिल्यांदाच आलेला माणूस ते बघून दारात थबकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "घरात कोण आजारी आहे का?"

"न्हाई. कॉफी गळतीया," सिस्टर म्हणाल्या.

त्याने सिलिंडर आत ठेवला, सही घेतली आणि पुढच्या वेळेपासून तो जिन्यातूनच हाक मारू लागला.

विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सिस्टरांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. सिस्टर तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. मूळच्या वडूजकडच्या. वडील मेंढरं राखायचे आणि शिकलेली अशी घरात ही एकटीच. लग्न केलं नाही. बुटक्या, काटक, खांद्यावर पदराला पिन, आणि घड्याळाची तबकडी, नाडी मोजताना दिसावी म्हणून, मनगटाच्या आतल्या बाजूला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, त्याच सुमाराला त्या इथे राहायला आल्या. पण घड्याळ अजून बाहेरच्या बाजूला फिरलेलं नाही.

कॉफीचं वेड त्यांच्या भाचीने लावलं. ती बेंगळुरूला कंपनीत असते. एकदा येताना तिने एक बाटली आणली आणि सांगितलं, आत्या, ही कोल्ड ब्रू. सिस्टरांनी आधी वास घेतला, मग घोट घेतला आणि म्हणाल्या, "ही तर माझी ड्यूटीतली कॉफी. तेहतीस वर्षांत गरम म्हणून पोटात गेली न्हाई. कप हातात घेतला की कुणाचं तरी सलाइन संपायचं. परत येस्तवर वर साय धरलेली. तीच प्यायची. आन ह्याच्यासाठी लोक हॉटेलात रांग लावत्यात व्हय?"

भाचीने समजावलं की ही गार झालेली कॉफी नव्हे, हिला विस्तव दाखवतच नाहीत. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात अठरा तास भिजवायची आणि गाळायची. 'अठरा तास' हे शब्द सिस्टरांच्या काळजात शिरले. ज्या कामाला तास असतात ते काम म्हणजे ड्यूटी, आणि ड्यूटी म्हटलं की सिस्टरांच्या अंगात येतं.

पुढच्या आठवड्यात पाण्याचं स्टीलचं पिंप रिकामं झालं. भाची दर महिन्याला कॉफीच्या बिया पाठवू लागली. सिस्टर त्या मिक्सरला थांबून थांबून फिरवायच्या, "लापशीच्या रव्यागत" होईपर्यंत. एका वेळेला किलोभर कॉफी आणि आठ लिटर पाणी. उन्हाळ्यात पिंपाला ओलं पोतं गुंडाळायचं. वर चिठ्ठी: भिजवली सोमवार संध्याकाळी सहा, काढणे मंगळवारी दुपारी बारा. खाली सही.

"एकट्या माणसाला एवढी कशाला?" मी एकदा विचारलं.

"थोडकं करायची सवयच न्हाई. वार्डात तीस पेशंट असायचे. एकाची पेज येगळी कोण शिजवतंय?"

मग ती कॉफी बाटल्यांतून इमारतभर जायची. पण अशीतशी नाही. सिस्टर आधी जिन्यात खुर्ची टाकून प्रत्येकाचं ब्लडप्रेशर बघायच्या. एकशेचाळीसच्या वर भरलं की त्याला ताक. बाकीच्यांना बाटली आणि सूचना: अर्क एक भाग, पाणी नाहीतर दूध तीन भाग, दुपारी चारनंतर घ्यायची नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी एकदा संध्याकाळी सहाला घेतली आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी तक्रार घेऊन आले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध येळेवर घ्यायचं असतं, हे पोरांना शिकवलं न्हाई का कवा?" महिनाभर हेडमास्तर ताकावर होते.

एकदा त्यांना भावाच्या नातवाच्या बारशाला वडूजला जावं लागलं आणि पिंप नेमकं भिजलेलं. मला बोलावून त्यांनी रीतसर चार्ज दिला. "झाकण काढायचं न्हाई, हलवायचं न्हाई. बाराला गाळायची, सव्वाबाराला न्हाई." दुपारपर्यंत तीन फोन आले. तिसऱ्या फोनला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रंग कसा आलाय?"

"झाकण काढायचं नाही म्हणालात ना?"

पलीकडून आवाज आला, "शाबास. पेशंट तुमच्या हाती देता यील."

हा विश्वास मात्र मी टिकवला नाही.

यंदा एप्रिलमध्ये माझ्या मुक्ताचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे वाईजवळच्या गावचे. उसाची शेती, आणि मुलाचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. दुपारचा मुहूर्त, ऐंशी माणसं, आणि ऊन असं की हॉलची फरशी चपलेतून लागत होती. सिस्टर स्वतःहून म्हणाल्या, "सरबत माझ्याकडं." दोन दिवस पिंपं भरत होती. गुळाचा पाक आणि वेलदोडा घालून त्यांनी पंधरा लिटर अर्क तयार केला, कॅनमध्ये भरला आणि कॅनवर लाल पेनाने चिठ्ठी चिकटवली: 'एकास तीन. पाणी घातल्याशिवाय देऊ नये.' मला तोंडी दोनदा सांगितलं ते वेगळंच.

हॉलवर तो कॅन टेबलावर आला. जरीचं कापड, फुलांची परडी, आणि मधेच ती लाल अक्षरांची चिठ्ठी. थेट औषधाच्या बाटलीसारखी दिसत होती. मी ती हळूच सोलून काढली आणि पर्समध्ये ठेवली. पाणी घालायला वाढप्यांना सांगू म्हटलं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, ओवाळणीचं तबक सापडेना, आणि सांगायचं राहून गेलं.

लोकांनी बर्फ घालून तो नुसता अर्क प्यायला. गोड होता, गार होता, वर वेलदोड्याचा वास. माझ्या मामेसासूबाईंनी दोन पेले घेतले. भटजींनी दीड. सुभेदारसाहेबांनी, गुळाचं सरबत समजून, तीन.

एरवी साखरपुड्याचं जेवण झालं की अर्धा हॉल खुर्च्यांवर माना टाकून झोपतो. त्या दिवशी तीन वाजले तरी एक पापणी मिटली नाही. भटजी आशीर्वादाचे मंत्र अशा वेगाने म्हणत सुटले की अक्षता टाकायलाही कुणाला उसंत मिळेना. गुडघ्याच्या दुखण्यामुळे दोन वर्षं खाली न बसलेल्या मामेसासूबाई बायकांना गोळा करून फुगडीला उभ्या राहिल्या. मुलाचे एक चुलते कारखान्याच्या निवडणुकीबद्दल सलग तासभर बोलले, आणि ऐकणारे चौघेही त्याच वेळी बोलत होते. मी मनात म्हणत होते, किती रंगलाय कार्यक्रम.

मग सुभेदारसाहेब छातीवर हात ठेवून खाली बसले.

"धडधडतंय लय," एवढंच म्हणाले. चेहऱ्यावर घाम. मुलाची आई धावली, मुक्ता रडायला लागली. सिस्टर दुसऱ्यांच्या कार्यात पाण्याशिवाय काही घेत नाहीत, त्यामुळे त्यांना तोवर पत्ता नव्हता. त्यांनी टेबलावरचा एक पेला उचलला, जिभेला लावला, आणि कॅनकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"पंखा हिकडं फिरवा. गर्दी करू नका. पाणी आणा," त्या म्हणाल्या आणि सुभेदारांचं मनगट हातात घेऊन खाली सतरंजीवर बसल्या. ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, नाडी सांगितली, ते काय म्हणतात ते ऐकलं. डॉक्टर अर्ध्या तासात येऊन तपासून गेले. काळजीचं कारण नाही, पाणी पाजा, तासाभराने उतरेल, म्हणाले.

पण माणसांचं उतरलं नव्हतं. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाहुण्यांना असलं काय पाजत्यात का? हेच बघायला आलो का आमी?" चुलते गाडी काढायला सांगू लागले. मुक्ताच्या बोटात अंगठी होती आणि ती अंगठीकडेच बघत उभी होती.

सिस्टर नाडीवरचा हात न काढता बोलल्या. "चूक माझी हाय. कॉफी मी केली. पाणी घालायला सांगायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. मुक्ताच्या आईला ह्यातलं काय म्हायती न्हाई."

माझ्या पर्समध्ये चिठ्ठी होती. मी गप्प राहिले.

पुढचे दोन तास सुभेदार मधूनमधून विचारत होते, "सिस्टर, आता किती?" आणि त्या आकडा सांगत होत्या. एकशेदहा. एकशेचार. अठ्ठ्याण्णव. पाचच्या सुमाराला ब्याऐंशी झाले तेव्हा ते उठले, पागोटं नीट केलं आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. निरोप झाले, पण विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरांकडे तर नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून पिंप धुऊन गच्चीवर उपडं घातलेलं दिसलं. "बंद केलं," एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. इमारतीत कुणी त्यांना दोष देत नव्हतं, पण वय झालं आता बिचाऱ्यांचं, असं जिन्यात एकदोनदा माझ्या कानावर आलं. तेहतीस वर्षांत एका पेशंटची एक गोळी न चुकवलेल्या बाईबद्दल. आठ दिवस मी त्यांच्या दारासमोरून मान खाली घालून गेले. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, बेल वाजवली.

"चिठ्ठी मी काढली होती," मी दारातच म्हणाले.

"म्हायती हाय. आत या."

"मग तुम्ही स्वतःवर कशाला घेतलं?"

त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. घड्याळाकडे बघितलं, उगाचच. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मी एकोणीस वर्षांची व्हते. ट्रेनिंगला जायच्या आधीची गोष्ट. एक स्थळ आलतं. पान्याखालचा ऊस, मोठं घर. आमी माळावरची माणसं. आईनं सकाळधरनं घर सारवलं, मेंढीचं दूध राखून ठेवलं आन त्याचा दाट चहा केला. आमच्यात ते दूध म्हंजे पाव्हण्याचा मान. त्यांनी वास घेतला आन कप खाली ठेवले. सगळे. कुणी काय बोललं न्हाई. उठून गेले, परत सांगावा आला न्हाई."

"त्यात आईंची काय चूक?"

"कायच न्हाई. पण ती मरंपतूर म्हणायची, माझ्या चहानं पोरीचं नुकसान केलं. पाव्हणं आलं की चुलीम्होरं बसायची न्हाई, भावजयीला बसवायची." सिस्टर पदराच्या पिनेशी चाळा करत होत्या. "तवा कुणीतरी म्हणायला पायजे व्हतं की आई, तुझं काय चुकलं न्हाई. मी म्हणायला पायजे व्हतं. पण मला तिचा रागच आलता. म्हैनाभर बोलले न्हाई मी तिच्याशी. लग्न मोडल्याचं मला कायसुदिक वाटत न्हाई, मुक्ताच्या आई. नोकरी झाली, चार माणसं जगवली. त्या म्हैन्याचं वाटतं."

मी पर्समधून फोन काढला, आणि त्या "कुणाला लावताय" म्हणेपर्यंत सुभेदारसाहेबांना लावला. सिस्टरांनाही ऐकू येईल असा. चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. सिस्टर हाताने नको नको करत होत्या.

सुभेदार सगळं ऐकून म्हणाले, "आवं, चूक कुणाची का असंना. दोन तास माझा हात धरून बसलं कोण? थांबा, हिला देतो."

विहीणबाईंचा आवाज जरा अवघडलेला होता. "विहीणबाई, मी त्या दिवशी लय तोडून बोलले. आमच्या थोरल्याच्या लग्नात आमटीत दोनदा मीठ पडलंतं, तवा माझ्यावतीनं बोलाय कोणच नव्हतं. सिस्टर हाईत का तिथं?"

मी फोन पुढे केला. सिस्टरांनी तो दोन्ही हातांनी धरला, "बोला" म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ नुसतं "व्हय", "व्हय" करत राहिल्या. शेवटी "यीन की, मुक्ताच्या लग्नाला यीनच" म्हणाल्या आणि फोन मला दिला. मग उठून तोंडावर पाणी मारून आल्या.

ऊन उतरलं होतं. मी निघायला उठले, तर त्या म्हणाल्या, "जेवूनच जावा."

सात वर्षांत त्यांनी मला औषध दिलं, कॉफी दिली, बोलणी दिली, पण जेवायला थांबा असं कधी म्हटलं नव्हतं. मी घरी निरोप पाठवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. मग थोडं काढून ठेवलं. मग परत घातलं.

"एकटीला दीड भाकरी लागतीया," त्या पिठाकडे बघत म्हणाल्या. "दोघींना किती लागत्यात वो?"