नाव पुसलेला मासा

मासा विकत घेताना त्याचं मूळ विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंचनदराव. मासा कुठल्या तळ्यातला, तळ्याच्या कुठल्या काठाचा, आई कोण, बाप कोण, सगळं त्यांना लागायचं. एवढी चौकशी माझ्या सासऱ्यांनी मला सून करून घेतानाही केली नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्या ह्यांची बँकेत बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून थेट कुंभकोणमला येऊन पडलो. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवाल्याशी मी बोटांनी भांडायची. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या घरातून एक उंच, गोपीचंदन लावलेले, पांढरी वेष्टी नेसलेले गृहस्थ आले आणि दारातूनच म्हणाले, "मराठी आहांत की? जेवण जाहलें की?" मला तर रडूच कोसळलं.

ते पंचनदराव. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज राजांबरोबर तंजावरला आले ते तिकडेच राहिले. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आपलं मराठी राजांच्या वेळचं, अस्सल, आणि आमच्या साताऱ्याच्या मराठीत भेसळ झालेली आहे, असं त्यांचं ठाम मत. हे मत सांगता सांगता ते मला म्हणत, "बाई, तें जन्नल लावा." जन्नल म्हणजे खिडकी, आणि हा शब्द तमिळ. पण ते सांगायची माझी काय टाप!

त्यांच्या मराठीत विचारणं म्हणजे 'पुसणं'. आमच्याकडे पुसायचं ते फडक्यानं, त्यांच्याकडे तोंडानं. आणि पुसण्याचा नाद तर विचारूच नका. कॉफीची पूड आणली की, "मूळ पुसलांत की? कोण्या मळ्यांतली?" दूध घेतलं की, म्हैस कुणाची. एकदा मी मोगऱ्याचा गजरा माळला तर तो कुठल्या गावच्या मोगऱ्याचा, हे मला सांगता येईना म्हणून ते दिवसभर माझ्यावर नाराज होते.

पण खरा जीव माशांवर. पुढच्या खोलीत भिंतभर काचेच्या टाक्या. आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या तळ्यातले मासे, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, दगडांच्या कपारींतून राहणारे आणि महाभांडखोर. त्यांना पाणी जड लागतं. आमच्या दोघांच्या घरांत एकच बोअर होतं आणि त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी शिजायची नाही. मी त्या पाण्याला शिव्या घालायची आणि राव तेच पाणी प्लास्टिकच्या बादलीतून कौतुकानं न्यायचे. घरभर पितळ असून माशांजवळ पितळेला मज्जाव, कारण तांब्यापितळेनं मासे मरतात.

दुकानदारांवर त्यांचा भारी राग. हे लोक वेगवेगळ्या जातींचे मासे एका टाकीत कोंबतात, मग जी पिल्लं होतात त्यांचा ना रंग ठरलेला ना रूप, आणि तीच अस्सल म्हणून गळ्यात मारतात, असं त्यांचं म्हणणं. रावांच्या टाक्यांत मात्र एकही मासा मूळ पुसल्याशिवाय आलेला नव्हता.

त्यात एक पिवळी मादी होती. तिला ते राणी म्हणत. मूळ पक्कं ठाऊक असलेली, आणि तिच्या घराण्यातली उरलेली एकटी. तिचा नर मागच्या दिवाळीत मेला होता. ह्या जातीत मादी पिवळी आणि नर निळा; राणीच्याच काठाचा नर मिळाला नाही तर राणी म्हातारी होणार आणि घराणं बुडणार, ही रावांची चिंता. त्यापायी ते तंजावर पालथं घालून आले, त्रिची पालथं घालून आले. दर वेळी झाकणाचा डबा रिकामाच परत यायचा. मुलगा पाहून आलेल्या बापासारखे ते ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "दिसायला बरा होता. मूळ सांगेना."

एकदा मी न राहवून म्हटलं, अहो, बघा एखादा बरासा आणि सोडा टाकीत, ती बिचारी झुरतेय. राव माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेक आहे मज एक, मद्रासेस. तिनें मूळ पुसलें नाही. पुरे जाहलें."

मग मला हळूहळू कळलं. लेकीनं कॉलेजातल्या एका तमिळ मुलाशी लग्न केलं होतं आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. बायको त्याआधीच गेलेली. एवढ्या मोठ्या घरात राव आणि मासे.

पुढं आमचे हे बँकेच्या कामासाठी मद्रासला निघाले. तिथल्या एका दुकानात रावांना हवे तसले नर आल्याची खबर होती. रावांनी ह्यांना समोर बसवून बजावलं, "टाकीच्या काचेवर नाव लिहिलेलें असतें. तें आधीं नीट पुसा. नाव पुसल्याविणा मासा घेऊं नका." ह्यांनी मान डोलावली. माझा नवरा सांगितलेलं काम चोख करणारा, त्यातलं डोकं मात्र बँकेत ठेवून येणारा. दोन वर्षं शेजारी राहून रावांचं मराठी ह्यांच्या कानावरून नुसतं गेलं होतं.

हे परत आले ते फुगवलेल्या पिशवीत एक देखणा निळा नर घेऊनच. राव हरखले. नाव पुसलं का, म्हणून त्यांनी विचारलं. हे छाती फुगवून म्हणाले, "पुसलं तर! रुमाल ओला करून स्वच्छ पुसलं. शेजारच्या टाकीवरचंही पुसलं. दुकानदार ओरडत होता, पण मी ऐकलं नाही."

मी कपाळाला हात लावला. हा इकडचा काहीतरी रिवाज असेल, दृष्ट लागू नये म्हणून मासा नेताना नाव पुसत असतील, अशी ह्यांची समजूत! दोन टाक्यांत दोन काठांचे सारखेच दिसणारे निळे नर. त्यातला कुठला कुठल्या काठाचा, हे ती नावं लिहिणाऱ्या दुकानदाराच्या थोरल्या भावालाच माहीत, आणि तो महिनाभर परगावी.

राव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नराला राणीच्या शेजारच्या टाकीत सोडलं आणि म्हणाले, थोरला भाऊ आला की मी स्वतः जाऊन पुसून येईन. महिनाभर मग तो नर काचेपाशी येऊन अंग थरथरवून नाचायचा आणि राणी खाणंपिणं सोडून त्याच्याकडे तोंड करून थांबायची. ते बघून मला भारी वाईट वाटायचं. मी रावांशी भांडलेसुद्धा. ते एवढंच म्हणायचे, "पुसल्याविणा नाही."

महिना झाला आणि राव मद्रासला निघाले. पिशवीत जवळच्याच, दिव्यांसाठी नावाजलेल्या नाचियारकोविल गावचा नवाकोरा पितळी दिवा. मासेवाल्याला दिवा कशाला, म्हणून मी विचारलं. रिकाम्या हातानं कसं जावें, असं पुटपुटून ते बसच्या दिशेनं चालू लागले.

तिसऱ्या दिवशी परतले. मी अंगणातच गाठलं.

"काय राव, नाव पुसलंत का?"

"पुसलें."

"मग? काय निघालं?"

त्यांनी चष्मा काढला, वेष्टीच्या टोकानं पुसला, परत घातला. "तेन्मोळी," ते म्हणाले.

असलं माशाचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"वर्षाची जाहली," राव म्हणाले. "मांडीवर बसली. चष्मा ओढला. मी मराठींत बोललों, एक अक्षर कळलें नाही तिला, तरी हांसली."

माझे डोळे भरून आले.

"गोड बोलणारी, असा अर्थ. जांवयानें ठेवलें," राव म्हणाले. "शुद्ध तमिळ नाव आहे, बाई. भेसळ नाही." आणि त्या 'भेसळ'वर त्यांचा आवाज फुटला.

मी हळूच विचारलं, आणि माशाचं?

"त्या बाजूस जाणेंच जाहलें नाही."

ते तसेच आत गेले. पाय धुतले नाहीत, पिशवीसुद्धा खांद्यावरच. जाळी घेऊन त्यांनी निळ्या नराला उचललं आणि राणीच्या टाकीत सोडलं. ती आधी दगडामागं पळाली, मग बाहेर आली.

"पिल्लं कशी निघतील, काही सांगता येत नाही हो, राव," मी म्हटलं.

"निघूं देत कशींही," ते काचेजवळ वाकून म्हणाले. "पोसूं."