बाबांची पक्की बांधणी

"माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकाचं पान हलणार नाही!" बाबा छाती ठोकून सांगत. तीस वर्षं बाइंडिंगच केलेलं. तेव्हा ताईच्या मेडिकल प्रवेशाच्या 'डॉक्टरनं कसं वागावं' या चाचणीचे सराव-पेपर घरभर उडताना पाहून त्यांना कसं राहवणार? दिसेल तो कागद उचलला, शिवला, डिंक लावला, वर निळं कापड चढवलं. झकास!

ताईनं पहिला पेपर सोडवला आणि मागची उत्तरं ताडून पाहिली. चाळीसपैकी सहा!

"बाबा, रुग्ण रडायला लागला तर जवळ बसून ऐकायचं ना? इथं उत्तर 'ड' दिलंय. आपलं जेवण उरकून यावं!"

बाबा गोंधळले. पण छापलेल्यावर त्यांचा फार विश्वास. "बरोबरच आहे की! उपाशी डॉक्टर काय डोंबलाचा धीर देणार?"

"आणि सहकाऱ्यानं चुकीचं औषध दिलं, तर हसून विषय बदलावा?"

"त्यातही काहीतरी खोल अर्थ असणार," आई म्हणाली. तिलाही कळेना.

दुसऱ्या पेपरला नऊ, तिसऱ्याला सात. "मला डॉक्टर होण्याइतकी अक्कलच नाही!" ताई हुंदके देऊ लागली. बाबांचा जीव तुटला. पण करायचं काय? त्यांना उत्तर 'ड' आठवलं. ते उठले आणि गुपचूप जेवायला बसले.

परीक्षेच्या सकाळी आईनं पुस्तक चाळलं. "अहो! पेपर पहिल्या संचाचा आणि त्यामागं उत्तरं तिसऱ्याची?"

"मी पानं मापानं लावली," बाबा पुटपुटले. "लहान कागद आधी, मोठे मागं."

योग्य उत्तरं शोधून ताडली. सदतीस! ताईनं उडीच मारली. "चला, उशीर होतोय! माझं हॉलतिकीट कुठाय?"

बाबांचा चेहरा पडला. "तेही सुटंच पडलं होतं गं..."

केंद्राच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. "पुस्तक आत न्यायचं नाही."

"दादा, हॉलतिकीट यातच आहे. पान त्रेपन्न."

त्यानं ओढून पाहिलं. मग दुसऱ्यानं ओढलं. पान हलेना! आत घंटा झाली. बाबांनी खिशातली कात्री काढली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिवण उसवली. ताई कागद घेऊन आत पळाली.

पहारेकरी उसवलेला दोरा बघत राहिला. "काम मात्र जबरदस्त! कुणी केलंय हो?"

"कोण जाणे!" बाबा म्हणाले, आणि निळं पुस्तक पाठीमागं लपवलं.