गोजराक्कांच्या विहिरीचा विमा

प्रमिला हेंद्रे सुट्टीच्या दिवशी टेम्पोतून विहिरी हलवत असे, आणि सहा वर्षांत तिला एकाही विहिरीचा विमा उतरवावा लागला नव्हता.

आठवडाभर ती शाळेत खिचडी शिजवायची. विहिरींचं काम हा जोडधंदा. लोक घर बदलायचे, प्लॉट बदलायचे, आणि सवयीची विहीर मागे सोडवत नसे. काम तसं अवघड नव्हतं. आधी चार बादल्या पाणी काढायचं, नारळ आणि खण वाहून विहिरीची ओटी भरायची, मग पहारीने कठडा सैल करायचा. एकदा कठडा हलला की बाकीची विहीर त्याच्यामागून निमूट वर येते. जमिनीबाहेर ती आखडते, त्यामुळे आठ फुटी टेम्पोत आडवी मावते. तोंड मागच्या फळीकडे ठेवायचं आणि वरून ओली पोती टाकायची, म्हणजे उन्हाने चिरा पडत नाहीत. मागे राहिलेला खड्डा संध्याकाळपर्यंत आपोआप बुजतो. नवरा सर्जेराव क्लीनर म्हणून शेजारी बसायचा आणि दोघांच्या वाटणीचं एकटाच बोलायचा.

गोजराक्कांचं काम आलं ते चैत्रात. जुनं खडकवणे रस्त्यात जाणार होतं आणि माणसं नव्या वसाहतीत हलवली होती. गोजराक्कांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. चाळीस वर्षं त्या सकाळी उंबऱ्यावर उभ्या राहून "हायेस का गं?" अशी हाक मारत. विहीर "हाय" म्हणे, आणि त्या आवाजाच्या रोखाने जाऊन त्या नेमक्या कठड्याशी थांबत. पुढचं सगळं अंगण त्या विहिरीपासून मोजत. तुळस डावीकडे सात पावलं, गोठा मागे अकरा. नव्या घरी जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी निरोप पाठवला होता, की विहीर येईस्तोवर मी इथंच बसते, घाई नाही, पण जेवण जात नाही.

गुरुवारी रोलर येऊन जुनी विहीर दाबणार होता. आणि वसाहतीच्या फाटकावर नवीन पाटी लागली होती की विमा नसलेला माल आत घेतला जाणार नाही.

सोमवारी प्रमिला शाळेतून अर्धी रजा टाकून तालुक्याला गेली. पहिल्या कचेरीत सांगितलं की विहीर ही स्थावर मिळकत आहे, ती चाकांवर चढली की आमची राहत नाही. दुसऱ्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, विमा पाण्याचा हवा की पोकळीचा? प्रमिलाने दोन्हीचा सांगितला. बाई म्हणाल्या, पाण्याचा करून देऊ, पोकळी मोजायला आमच्याकडे माणूस नाही. पोकळीवाचून विहीर म्हणजे नुसतं सांडलेलं पाणी, हे प्रमिलाला कळत होतं. ती उठली.

तिसरी कचेरी जिन्याखाली होती. तिथे काळसेकर नावाचे साहेब एकटेच बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा बंद केला आणि माल बघायला हवा म्हणाले. मंगळवारी ते स्वतःच्या स्कूटरवरून जुन्या खडकवण्याला आले.

गावात कोणी उरलं नव्हतं. घरांची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली होती. काळसेकरांनी विहिरीचा घेर मोजला, दगड मोजले. मग वाकून आत विचारलं, "नाव काय?"

खालून बसक्या, म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं, "कुनाकडं आलाय?"

काळसेकर सरळ झाले. त्यांनी अर्जावरचा 'माल' शब्द खोडून वर 'प्रवासी' लिहिलं.

"हेंद्रेबाई, जे उत्तर देतं ते मालात धरता येत नाही. आणि माल वाहायच्या गाडीत मागं प्रवासी बसवला तर विमा मिळत नाही."

"मग हिला एसटीनं पाठवू का साहेब?" सर्जेरावने विचारलं.

काळसेकर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि कठड्यावर बसून अर्धा तास वाचलं. विहीर मधूनमधून खाली काहीतरी पुटपुटत होती. शेवटी त्यांनी वाट सांगितली. आवाज विहिरीतून वेगळा काढायचा. आवाज निघाला की उरेल तो माल. आवाजाने पुढे केबिनमध्ये बसायचं, पण सीटवर तो ठरत नाही, खिडकीतून जातो. तेव्हा माणसाच्या तोंडात न्यायचा. चालकाच्या तोंडात जे असेल ते चालकाच्याच विम्यात येतं.

प्रमिला म्हणाली, क्लीनरच्या तोंडात चालेल का, म्हणजे मला गाडीकडे लक्ष देता येईल. काळसेकरांनी सर्जेरावच्या गालाकडे पाहिलं, पुस्तक पुन्हा उघडलं आणि तंबाखू असलेल्या तोंडात प्रवासी बसवता येत नाही असं सांगितलं.

"अट एकच. पोचेपर्यंत बोलायचं नाही. तोंड उघडलंत, की प्रवासी उतरला. मधेच उतरलेला प्रवासी पुन्हा बसवता येत नाही."

बुधवारी सकाळी ओटी भरून झाल्यावर प्रमिला कठड्यावर वाकली आणि तिने तोंड उघडलं. "चला," पुन्हा आलेले काळसेकर खाली बघून म्हणाले. खालून गार काहीतरी वर आलं. जिभेवर शेवाळ्याची चव पसरली आणि जीभ जड झाली. तिने ओठ मिटले. काळसेकरांनी विहिरीत खडा टाकला. तो पाण्यात पडलेला दिसला, पण आवाज आला नाही. त्यांनी 'माल' लिहून शिक्का मारला.

वाट पस्तीस किलोमीटरची. सर्जेराव नेहमीसारखा बोलत राहिला. तोंडातला आवाज टाळूला टेकून निजल्यासारखा होता. मधे एकदा, कोणाचं तरी लग्न आठवल्यासारखा, तो स्वतःशीच हलला आणि प्रमिलाच्या डोळ्यांत कारण नसताना पाणी आलं.

उन्हं चढल्यावर पोती सुकली. एका फाट्यावर घर आणि नळ बघून तिने गाडी थांबवली. सर्जेराव बादली घेऊन गेला. घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललं होतं. घरची बाई अंगणात आली, टेम्पोत विहीर बघून तिने हात जोडले आणि कठड्याला बोटभर कुंकू लावलं. मग प्रमिलाला हाताला धरून ओसरीवर नेलं. प्रमिलाने खुणेनं सांगितलं की बोलता येत नाही. बाईला वाटलं मौनव्रत आहे. तिने पन्ह्याचा आग्रह केला नाही. हळदकुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले, पाया पडली.

हळदीकुंकवाच्या घरातून न बोलता पाठ फिरवायची नसते. आईने लहानपणी घोटून घेतलेलं ते होतं. प्रमिला पायरी उतरली, मागे वळली आणि म्हणाली, "येते हं."

आवाज तिचा नव्हता. बसका, म्हातारा होता. तोंड एकदम हलकं झालं.

ती तशीच उलट पावली ओसरीवर गेली. कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. त्यातून कोणीतरी समाधानाने "हाय" म्हणालं.

सर्जेराव धावत आला. त्याने विनवणी करून पाहिली. बाई शांतपणे म्हणाली, चैत्रात दारी आलेलीला मी हाकलू कशी? आणि तिने रांजणालाही कुंकू लावलं. सर्जेरावने काळसेकरांना फोन लावला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. माल पोचवा म्हणाले. प्रवासी चालकाच्या बोलण्याने उतरला, तेव्हा भरपाई चालकाकडे. आवाजाची भरपाई आवाजानेच होते, कंपनीकडे तसा साठा नाही.

वसाहतीच्या फाटकावर कागद बघून त्यांना आत सोडलं. घरासमोर विहीर उभी केली, तशी ती आपली आपण जमिनीत उतरली. कठडा अजून ढिला होता आणि घराकडच्या बाजूचे दगड बसवायचे राहिले होते. सर्जेराव टेम्पोमागे पहार आणायला गेला. गाडीचा आवाज ऐकून गोजराक्का उंबऱ्यावर आल्या होत्या.

"हायेस का गं?"

विहीर गप्प.

गोजराक्का जरा थांबल्या. मग त्यांना वाटलं असावं की नव्या जागी विहीर लांब ठेवली आहे, म्हणून ऐकू येत नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या उंबरा उतरल्या. उत्तर मिळेपर्यंत चालायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या भरभर चालल्या. दगड नसलेली बाजू बरोबर त्यांच्या समोर होती.

प्रमिला विहिरीच्या पलीकडच्या बाजूला होती. धावून पोचली नसती. बाजूने हाक मारली असती तर म्हातारी हाकेकडे वळली असती आणि कडेवरून गेली असती. उत्तर विहिरीतूनच यायला हवं होतं. आवाज काढलेल्या विहिरीत काही बोललं तर बोलणाऱ्याचा आवाज तिथंच राहतो, परत मिळत नाही, हे विहिरी हलवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. प्रमिला वाकली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून म्हणाली, "हाय."

ते खाली गेलं. खालून वर आलं. "हाय."

गोजराक्का थांबल्या. पायाची बोटं काठाला लागली होती. त्यांनी खाली बसून हाताने दगड चाचपला.

"आवाज बदलला गं तुझा," त्या म्हणाल्या. "नव्या जागेचं पाणी."

मग त्या उठल्या, डावीकडे सात पावलं मोजली आणि तिथं तुळस लावा म्हणून सर्जेरावला सांगितलं. त्या दिवशी त्या दोन भाकऱ्या जेवल्या.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. भरपाई वस्तुरूपाने पूर्ण मिळाल्याचं त्यात लिहिलं होतं. चालकाचं वजन अंशतः घटल्यामुळे पुढच्या वर्षाचा हप्ता थोडा कमी बसणार होता. शाळेत अडचण आली नाही. खिचडीच्या रांगेत पळीनेच सगळं सांगता येतं. मुलं उलट गप्प बसायला लागली.

घरात मात्र सर्जेरावला करमेना. महिन्याने, एका रविवारी, तो प्रमिलाला घेऊन वसाहतीत गेला. गोजराक्कांनी चहा ठेवला. सर्जेराव कठड्यावर वाकला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "माझ्यावर राग हाय का तुझा? ते साहेब फोनवर भरपाई म्हणाले, तवा मी गप बसलो म्हणून?"

"नाही," विहिरीतून प्रमिलाचा आवाज आला. लगेच आला.

सर्जेरावने सुटकेचा श्वास टाकला आणि मागे वळून पाहिलं. प्रमिला अजून विचार करत होती.