उठलेल्याचं पान

आमच्या ऑफिसात कुणी जागेवरून उठलं, की पाटील अण्णा त्याच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकतात. आपण चहा घेऊन येईपर्यंत खुर्ची राखलेली असते. बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात, सातव्या मजल्यावर माझी खुर्ची कोण पळवणार आहे, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "असू द्या की ओ. जागा राखावी माणसाची."

अण्णा निपाणीचे, पन्नाशीचे, एकटे राहणारे. मी पुण्याची, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

यंदा आमच्याकडे एक काम आलं. स्क्रीनवर दोन याद्या. डावीकडे सगळी नावं; त्यातलं निवडलं ते उजवीकडे जायचं. एकदाच नीट बांधायचं आणि मग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तेच वापरायचं. दोन दिवसांचं काम अण्णांनी तीन आठवडे घोळवलं. निवडलेलं नाव परत डावीकडे पाठवलं तर ते यादीच्या तळाशी टाका, असं मॅनेजरबाई म्हणत होत्या. अण्णांचा हट्ट, ते मूळच्या जागीच जाईल.

"पंगतीतनं उठला म्हणून त्याचं पान कोण उचलतंय काय?"

बाईंनी शेवटी बजावलं, शुक्रवारपर्यंत झालं नाही तर बाहेरून तयार आणू. अण्णांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

गुरुवारी मी ते तपासायला बसले. चाचणीसाठी आम्ही आंबा, केळं असं काहीही लिहितो. अण्णांनी माणसं लिहिली होती. आप्पा, काका, अरविंद, वसंत, माई. मी वसंतला उजवीकडे नेलं, परत पाठवलं. तो मुकाट्यानं अरविंदशेजारी जाऊन बसला.

"अरविंद तुम्ही. वसंत कोण?"

"धाकटा भाऊ. घरच्या पंगतीचा क्रम हाय हा." मग म्हणाले, "मीच वाईट बोललो त्याला. भरल्या ताटावरनं उठून गेला. अकरा वर्षं झाली."

शुक्रवारी काम पसंत पडलं. बाई म्हणाल्या, आता ही चाचणीची नावं काढून टाका. अण्णा एकेक नाव काढत गेले. वसंतवर आल्यावर थांबले, आणि फोन घेऊन जिन्याकडे गेले.

मी त्यांच्या खुर्चीवर माझी ओढणी टाकून ठेवली.

दहा मिनिटांनी ते परत आले.

"लागला?"

"लागला." ओढणीची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. "म्हणाला, अण्णा, जेवलास काय?"